तालुक्याच्या गावातली खासगी प्रसूतिगृहं: ती कशी चालली, का मिटली आणि त्यांचे कागद कुठे शोधायचे

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: तुमच्या तालुक्याच्या गावात तुमच्या लहानपणी पाच-सहा खासगी प्रसूतिगृहं होती, तुमचा जन्मही त्यांतल्याच एकातला, आणि आज त्यांतलं एकही चालू नाही. गावाच्या इतिहासाची पुस्तिका करताना शाळा, देवळं, वाचनालय, साखर कारखाना या सगळ्यांचे कागद हाती लागले, प्रसूतिगृहांचं मात्र काहीच सापडलं नाही. ती कधी निघाली, मोठ्या हॉस्पिटलांनी ती संपवली का, आणि शोध कुठून सुरू करावा, हे तुम्हाला हवं आहे.

मी स्त्रीरोगतज्ज्ञ. कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावात आईने सुरू केलेलं प्रसूतिगृह पुढे मी चालवलं आणि शेवटी मीच बंद केलं. त्यामुळे आतली बाजू मला ठाऊक आहे, पण ती माझ्या भागाची.

‘का बंद पडली’ असं विचारलं की आपण लगेच दोषी कोण ते शोधायला लागतो. त्याआधी एक वेगळा प्रश्न विचारायला हवा. आठ-दहा खाटांची, एका डॉक्टरच्या जिवावर चालणारी ही संस्था चाळीस-पन्नास वर्षं टिकलीच कशी? माझ्या अनुभवात याचं उत्तर रात्रीत आहे. बाळंतपणाला वेळकाळ नसतो. रात्री दोन वाजता दार उघडणारं, हात धुऊन उभं राहणारं माणूस त्याच इमारतीत राहत होतं, म्हणून प्रसूतिगृह चाललं. ती सोय मोडली तसं ते मिटलं. पैसा, कायदा, स्पर्धा यांचा वाटा आहेच, त्याकडे येतेच. पण पाच-सहा घरांच्या हकिगती एका धाग्यात बांधायच्या असतील तर तो धागा मला हा दिसतो.

आता कशावर काय अवलंबून आहे ते. तुमचं गाव कुठल्या भागात आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि त्याने बराच फरक पडतो. खासगी प्रसूतिगृहांच्या नोंदणीचा कायदा १९४९ सालचा, तो त्या वेळच्या मुंबई प्रांताचा. मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता आणि विदर्भ मध्य प्रांतात. दोन्ही भाग १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत मुंबईच्या कायद्याबाहेर राहिले. गोव्यात १८४२ पासून वैद्यकीय शाळा होती, पण १९६१ पर्यंत कारभार पोर्तुगीजांचा. दक्षिण महाराष्ट्रात संस्थानिकांचे दवाखाने होते, आणि मिरजेला १८९४ पासून मिशनरी डॉक्टर वॉनलेस यांचं मिशन हॉस्पिटल होतं. तिथे शिकलेल्या परिचारिका आजूबाजूच्या गावांत पसरल्या. कोकणात तरुण पुरुष मुंबईला आणि बाळंतपण गावाकडे, असा वेगळाच मेळ होता. म्हणून खालचं सगळं वाचताना आपल्या गावाला काय लागू पडतं ते तुम्हीच ताडून घ्या.

सुरुवात घरापासून करावी लागेल. बाळंतपण घरात, सुईणीच्या हातून, माजघराशेजारच्या अंधाऱ्या खोलीत व्हायचं. सुईणींना सरसकट अडाणी म्हणायची रीत पडली आहे, ती मला मान्य नाही. पायाळू मूल सुखरूप बाहेर काढणाऱ्या सुईणी माझ्या आईने पाहिल्या होत्या आणि त्यांच्याबद्दल ती आदराने बोलायची. पण नाळ कापायला विळा किंवा जुनं पातं, जखमेवर राख किंवा शेण, यामुळे तान्ह्या बाळांना धनुर्वात व्हायचा. बाई अडली, झटके आले किंवा वार पडली नाही, तर सुईणीच्या हाती काहीच उरत नसे.

मोठी इस्पितळं होती, पण शहरांत. मुंबईत १८८६ साली कामा हॉस्पिटल सुरू झालं. खास स्त्रियांसाठी, आणि कारभार स्त्री डॉक्टरांच्या हाती. त्यासाठी डॉ. एडिथ पीची १८८३ मध्येच इंग्लंडहून आल्या होत्या. परळला १९२६ साली नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह उभं राहिलं, ते गिरणी कामगारांच्या वस्तीत. या संस्थांनी असंख्य बायकांचे जीव वाचवले. तरीही दवाखान्यात बाळंत होणं म्हणजे घरी बघणारं कुणी नसल्याची खूण, अशी समजूत घट्ट होती. खाटेला खाट लागलेली, शेजारी कोण कुठली बाई, स्वयंपाक कुणाच्या हातचा, आणि तपासायला पुरुष डॉक्टर आला तर? सासूबाईंचा नकार या सगळ्यातून यायचा, आणि त्यांच्या जागी उभं राहून पाहिलं तर तो समजण्यासारखा होता.

एका गोष्टीची नोंद इथे करायला हवी. इस्पितळ नसलेल्या, एका घरात केलेल्या प्रसूतीच्या सोयीचं आपल्याकडचं फार जुनं आणि फार मोठं उदाहरण म्हणजे जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ साली पुण्यात सुरू केलेलं बालहत्या प्रतिबंधक गृह. विधवांनी गुपचूप येऊन बाळंत व्हावं, मूल ठेवून जायचं असेल तर ठेवून जावं, अशी ती सोय होती. तिचा हेतू निराळा होता आणि ती व्यवसाय म्हणून चालली नाही. पण इस्पितळाच्या फाटकातून आत जायला न धजावणारी बाई घराच्या दारातून आत येते, हे त्यांनी ओळखलं होतं. पुढे खासगी प्रसूतिगृहांना यश आलं ते बरंचसं याच कारणामुळे.

कारण ती घरंच होती. वाड्याच्या पुढच्या ओसरीवर वडिलांचा किंवा नवऱ्याचा जनरल दवाखाना, आत चार खोल्यांत प्रसूतिगृह, वरच्या मजल्यावर संसार. पाटीवर दोन नावं, त्यांतलं एक ‘डॉ. (सौ.)’. बाळंतिणीबरोबर तिची आई राहायची, स्टोव्ह लावायची, डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर घरून यायची. अंग रगडायला ठरलेली बाई सकाळी यायची, बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालायची, शेगडीवर ओवा-बाळंतशेपाची धुरी द्यायची. पाचव्या रात्री सटवाई बाळाचं नशीब लिहायला येते, म्हणून सलाइनच्या स्टँडशेजारीच पाट मांडून कोरा कागद आणि लेखणी ठेवली जायची. माझ्या आईने याला कधी हरकत घेतली नाही. धुराने बाळाला त्रास होईल तेव्हा शेगडी बाहेर, आणि नाळेला काही लावायचं नाही, या दोन गोष्टींवर मात्र ती अडून बसायची. बाकी सगळं ज्याच्या त्याच्या रीतीने. आठ-दहा दिवस मुक्काम व्हायचा, म्हणजे सुवेराचे दिवसही बरेचसे तिथेच निघायचे आणि घरातल्या सोवळ्याओवळ्याचा प्रश्न आपोआप सुटायचा. आईच्या मते सुरुवातीच्या वर्षांत घरच्या मोठ्या बायकांना तयार करायला याचीच सर्वांत जास्त मदत झाली.

माहेरचं बाळंतपण ही चालही प्रसूतिगृहांना फार मानवली. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे सातव्या-आठव्या महिन्यात मुलगी गावात येणार. डॉक्टरीणबाईंनी तिच्या आईला ओळखलेलं, कधी तिच्या पाठच्या भावंडाचा जन्मही त्यांच्याच हातचा. विश्वास असा आधीपासूनचा असायचा. शोध घेताना ही गोष्ट तुम्हाला फार उपयोगी पडेल. ती पुढे सांगते.

ही घरं भराभर कधी निघाली? माझ्या भागात तरी १९५० ते १९८० ही तीस वर्षं. त्याआधीही काही होती, पण ती बहुधा प्रशिक्षित परिचारिकांनी चालवलेली. पुण्याच्या सेवासदनाने, म्हणजे १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या संस्थेने, स्त्रियांना ससूनमध्ये परिचारिकेचं शिक्षण मिळवून दिलं, आणि त्यांत विधवा पुष्कळ होत्या. अशा एखाद्या बाईंनी दोन खोल्या घेऊन बाळंतपणं केलेली तुमच्या गावात आढळली तर तिथून सुरुवात करा. डॉक्टरांच्या पाट्यांआधीचा हा थर नेहमी सुटून जातो.

डॉक्टर वाढले ते नव्या कॉलेजांमुळे. पुण्याचं बी. जे. १९४६ साली कॉलेज झालं, नागपूर १९४७, औरंगाबाद १९५६, मिरज १९६२, सोलापूर १९६३. जोडीला मुंबईच्या कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्सची डी.जी.ओ. ही स्त्रीरोग आणि प्रसूतिशास्त्राची पदविका. ही संस्था १९१२ सालची. एम.डी.पेक्षा हा अभ्यास आटोपशीर, आणि तो करून मुलगी किंवा मुलगा थेट तालुक्याला येऊन पाटी लावू शकायचा. जुन्या पाट्या आठवून पाहा, कितीतरींवर डी.जी.ओ. दिसेल. शहरात सरकारी किंवा पालिकेच्या इस्पितळात हात बसलेला असायचा, लग्न डॉक्टरशीच झालेलं असायचं, आणि सासरच्या गावी जागा असायची. या तीन गोष्टी जुळल्या की प्रसूतिगृह.

साधनं आज ऐकून विश्वास बसणार नाही इतकी कमी होती. लेबर टेबल, मॅकिंटॉशचं रबरी कापड, ड्रम उकळायला बॉयलर किंवा ऑटोक्लेव्ह, बाळाचे ठोके ऐकायला फीटोस्कोप, एक ऑक्सिजन सिलिंडर, चिमटे, रक्तस्राव थांबवायला मेथर्जिनची इंजेक्शनं. वीज गेली की पेट्रोमॅक्स. भूल द्यायला सुरुवातीला ईथर, तेही बऱ्याचदा नवराच द्यायचा. पुढे जिल्ह्याहून भूलतज्ज्ञ स्कूटरवरून यायला लागले. एकच भूलतज्ज्ञ चार-पाच गावांना पुरा पडायचा, आणि तो दुसरीकडे अडकला की सिझर लांबायचं. एवढ्या तुटपुंज्या साधनांत या डॉक्टरांनी किती काय केलं! मुंबईचे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी १९५० च्या दशकात मांडलेला गर्भाशयमुखाचा टाका, जो आज जगभर त्यांच्याच नावाने ओळखला जातो, तो थोड्याच वर्षांत तालुक्याच्या खोलीत, साध्या दिव्याखाली घातला जात होता. वारंवार पोटातलं मूल गेलेल्या बायका त्यामुळे आया झाल्या.

पण सारं ओझं शेवटी माणसांवर होतं. बेल वरच्या घरात वाजायची. आई खाली उतरली की आम्ही मुलं आपापली झोपायचो. लग्नाला, तीर्थाला, माहेरी दोघांनी मिळून जाणं नव्हतंच. नववा महिना लागलेली एखादी तरी बाई कायम यादीत असायची. आई नसेल त्या वेळी मावशी असायच्या. मावशी म्हणजे आया. त्यांना कुणी पदवी दिली नाही, पण बाईचं कण्हणं दाराबाहेरून ऐकून अजून तास लागेल की आता बाईंना उठवायचं, हे त्या अचूक सांगायच्या. १९४९ च्या कायद्यात प्रसूतिगृहाची वेगळी व्याख्या आहे आणि शिकलेली परिचारिका-सुईण हवी असा आग्रहही आहे. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी डॉक्टरीणबाईंनीच दहावीपर्यंत शिकलेल्या मुलींना हाताखाली तयार केलेलं असायचं. ही या घरांची उणी बाजू होती, आणि तुम्ही ती झाकू नये असं मला मनापासून वाटतं. चांगल्या हाताखाली तयार झालेल्या मुली उत्तम निघाल्या. जिथे शिकवणारं माणूसच घाईत होतं तिथे बायकांनी त्याची किंमत मोजली.

धोका मुख्यतः रक्तस्रावाचा. बाळंतपणानंतर अंगावरून जायला लागलं की हातात मिनिटं असतात. पूर्वी नातेवाइकांतला कुणी उभा करून, गट जुळवून, गावातल्याच लॅबमध्ये रक्त काढून चढवलं जायचं. त्यात कावीळ आणि पुढे एड्स यांची भीती होती, आणि पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांचा बाजारही होता. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली रक्तपेढ्यांची शिस्त लावली आणि १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देणं बंद झालं. निर्णय योग्यच होता. पण रक्तपेढी जिल्ह्याला आणि बाळंतीण तालुक्याला, हे अंतर कुणी भरून काढलं नाही. तेव्हापासून अनेक डॉक्टरांनी जरा अवघड वाटणारं बाळंतपण स्वतःकडे ठेवणं सोडलं. इतिहास लिहिताना १९९८ हे साल विसरू नका. माझ्या ओळखीच्या बऱ्याच घरांचा उतार तिथून सुरू झाला.

सोनोग्राफीबद्दल लिहिताना तुमचा हात अडखळेल; तरी लिहा. १९८० नंतर ही यंत्रं आली. अडचणीची गर्भारपणं आधी कळू लागली, हा फायदा खरा. पण याच घरांपैकी काहींनी मुलगी आहे का ते सांगायला सुरुवात केली आणि त्या पैशावर इमारती चढवल्या. महाराष्ट्राने १९८८ साली, देशात सर्वांत आधी, याविरुद्ध कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. तरी २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे मुली ८०७. ज्या व्यवसायावर बायकांनी विश्वास टाकला त्यातल्या काहींनी हे केलं, आणि मला त्याचं दुःख आजही आहे. नावं घालायची की नाही हे तुमच्या हातातल्या पुराव्यावर ठरवा. न्यायालयात सिद्ध झालेलं नसेल तर नाव नको. पण तुमच्या गावात हे घडलं असेल तर ते पान रिकामं ठेवू नका.

आता मिटण्याकडे. माझ्या मते सर्वांत मोठं कारण कुणाच्या बोलण्यात येत नाही: बाळंतपणंच कमी झाली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १९९२-९३ मध्ये महाराष्ट्रात एका बाईला सरासरी २.९ मुलं होत होती, २०१९-२१ मध्ये १.७. आईकडे चार वेळा येणाऱ्या बाईची सून माझ्याकडे एकदा आली, फार तर दोनदा. काही वर्षं हे जाणवलं नाही, कारण घरी बाळंत होणाऱ्या बायका दवाखान्यात यायला लागल्या होत्या. पहिल्या सर्वेक्षणात राज्यात निम्म्याहून कमी बाळंतपणं दवाखान्यात होत होती, आता शंभरातली पंचाण्णवच्या आसपास होतात. ती भर संपली आणि घट उघडी पडली.

त्याच सुमाराला सरकारी बाजू सुधारली. २००५ पासून जननी सुरक्षा योजना, पुढे मोफत बाळंतपण आणि घरी पोचवण्याची सोय, २०१४ पासून १०८ ची रुग्णवाहिका. गरीब घरच्या बायका तिकडे गेल्या आणि ते चांगलंच झालं. त्यांच्या नवऱ्यांना आमची बिलं भागवायला सुगीची वाट बघावी लागत नाही. पैसेवाले शहरात गेले, तिथे बाळासाठी काचेची पेटी, चोवीस तास बालरोगतज्ज्ञ आणि विम्याचं कार्ड चालतं. मधला वर्ग उरला, तो एका घराला पुरेसा नव्हता.

कायदे आणि परवाने यांना डॉक्टर मंडळी फार दोष देतात. १९९५ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली, १९९८ पासून जैविक कचऱ्याचे नियम आले, मग आगीचे दाखले, नोंदवह्या, तपासण्या. एका माणसाच्या संस्थेला हे जड जातं हे खरं. पण त्यांतले बहुतेक नियम बाईच्या आणि बाळाच्या भल्याचेच आहेत, त्यामुळे या कारणाला मी खालची जागा देते. जैविक कचऱ्याच्या नियमांनी एक जुनी रीत मात्र सहज पुसली: घरची माणसं वार मडक्यात घालून पुरायला मागून न्यायची, कुठे प्रसूतिगृहाच्या परसातच त्यासाठी जागा असायची. तुमच्या गावातल्या म्हाताऱ्या बायकांना हे विचारून बघा.

आणि रात्र. माझ्या पिढीपर्यंत आईवडिलांच्या घरात राहून हे चाललं. पुढच्या पिढीतली मुलगी डॉक्टर झाली तर ती मोठ्या हॉस्पिटलात पाळीने काम करते, तिच्या जागी दुसरी डॉक्टर येते, ती घरी जाऊन झोपते. मला यात गैर काही वाटत नाही. एकट्या माणसाने आयुष्यभर रोज रात्री तयार राहणं ही अपेक्षा मुळातच फार होती, आणि ती बहुतेक ठिकाणी एका बाईकडूनच केली गेली. तिच्या थकव्यावर गावाची सोय उभी होती. मूल वाढवून, सासूसासरे सांभाळून, खाली उतरून रात्रभर उभं राहणाऱ्या या डॉक्टरीणबाईंना गावाने मान दिला, पण तिच्या जागी आलटून पालटून उभं राहणारं दुसरं माणूस ना गावाने दिलं ना सरकारने. त्या दमल्या तेव्हा दार बंद झालं. मोठी हॉस्पिटलं आली नसती तरी माझ्या अंदाजाने यांतली निम्मी घरं मिटलीच असती.

एवढं लक्षात घेऊन शोधाला लागा. घरासारखं असणं, माहेरची चाल आणि नवी कॉलेजं यांनी ती उभी राहिली. जन्म कमी होणं, रक्ताची अडचण, दोन्ही बाजूंनी ओसरलेली गर्दी आणि रात्रीला वारस नसणं यांनी मिटली. तुमच्या गावात यांतलं काय किती, हे कागद आणि माणसं सांगतील.

कागद असे. जन्म-मृत्यू नोंदणीचा केंद्रीय कायदा १९६९ चा. त्याखाली प्रसूतिगृहात झालेल्या जन्माची खबर प्रसूतिगृहानेच द्यायची असते. म्हणजे १९७० नंतरच्या नगरपालिकेच्या जन्मनोंदींत जन्मस्थळाच्या रकान्यात प्रसूतिगृहांची नावं सापडायला हवीत. वर्षवार मोजलीत तर कुठलं घर कधी भरात होतं आणि कधी ओसरलं याचा आलेखच हाती येईल. त्याआधीच्या काळासाठी खेड्यांत गाव नमुना १४, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेलं कोतवाल बुक. ते बहुधा तहसीलच्या अभिलेख कक्षात असतं. इथे माहेरची गोष्ट आठवा. नोंद जन्म झाला त्या गावात होते, बापाच्या गावात नाही. वडिलांच्या गावचे कागद चाळून ‘सापडत नाही’ म्हणणारे कितीतरी जण मला भेटले, आणि दाखला निघाला आजोळच्या नगरपालिकेतून. उलटंही करता येतं: तुमच्या गावच्या नोंदींतले बापांचे पत्ते नकाशावर मांडा, म्हणजे गावातल्या लेकी कुठे कुठे दिल्या होत्या ते दिसेल. एरवी ही माहिती कुठल्याच कागदावर मिळत नाही.

शुश्रूषागृह (नर्सिंग होम) नोंदणीची, म्हणजे १९४९ च्या कायद्याखालची जुनी प्रकरणं नगरपालिकेच्या आरोग्य विभागात किंवा जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात विचारा. अनेक गावांत नोंदणी उशिरा सुरू झाली, त्यामुळे प्रकरण नाही म्हणजे प्रसूतिगृह नव्हतं असा अर्थ काढू नका. स्थानिक साप्ताहिकांचे दिवाळी अंक बघा. उद्घाटनाच्या आणि शुभेच्छांच्या जाहिरातींत पत्ता, पदव्या, साल सगळं असतं. डॉक्टरांच्या घरी माळ्यावर प्रसूतीची रजिस्टरं असू शकतात. आमच्याकडच्या रजिस्टरांत नाव, वय, कितवं बाळंतपण, वेळ, बाळाचं वजन आणि ‘नॉर्मल’, ‘चिमटा’, ‘सिझर’ असे शेरे आहेत. वेळेचा रकाना जरूर पाहा. रात्रीची बाळंतपणं किती हे तिथे लिहिलेलंच असतं.

माणसांत डॉक्टरांच्या आधी मावशींकडे जा. त्या वयाने थकल्या आहेत, आणि त्यांना आजवर कुणी काही विचारलेलं नाही. कुठल्या घरात किती बायका जात होत्या, कुणाला कुठे ठेवायचे, कुठल्या जातीच्या बाईला वेगळी खाट मिळायची, हे डॉक्टर सांगणार नाहीत किंवा त्यांना दिसलेलंच नसेल. त्यानंतर भूलतज्ज्ञ, ते गावातल्या सगळ्या प्रसूतिगृहांत आत गेलेले असतात आणि त्यांना तुलना करता येते. मग केमिस्ट, रिक्षावाले, टांगेवाल्यांची मुलं.

रजिस्टरं हाती आली तर एक पथ्य पाळा. गर्भपाताच्या नोंदी कायद्यानेच गोपनीय आहेत. त्यांचं पान उघडलं गेलं तर मिटून ठेवा आणि ज्यांचं आहे त्यांना परत करा. प्रसूतीच्या रजिस्टरातही काही ओळी अशा असतील की नवऱ्याच्या नावाची जागा कोरी, गाव लांबचं, मुक्काम महिनाभराचा. लहान गावांतल्या या घरांनी अशा मुलींना आसरा दिला, आणि काही मुलं दुसऱ्या घरांत वाढली. ती आज पन्नाशी-साठीची माणसं असतील, कदाचित तुमच्याच गल्लीत राहत असतील. आकडे मोजताना त्या ओळी मोजा, लेखात असा आसरा मिळत होता हे जरूर लिहा. साल, गाव, वय असं काहीही जुळवून कुणाला ओळख पटेल असा तपशील मात्र छापू नका, आणि पानांचे फोटो काढले असतील तर तेवढी पानं त्यांतून काढून टाका.